की-बोर्डातली गिटार

मंडळी, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने गिटारविषयी बोलणं म्हणजे आगाऊपणाच. पण नातू ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो, त्यामुळे कान आपोआप तयार झाले.

त्याच्या की-बोर्डातून सतार, बासरी नि गिटारही निघते. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. खऱ्या गिटारचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून पट्टीला जोडलेला असतो. खोटेपणा येतो तो वाजण्यात.

गिटारला सहा तारा. हात वरून खाली फिरतो तसे सूर जाड तारेकडून बारीक तारेकडे, एकामागून एक निघतात. सी कॉर्ड घ्या. नेहमीच्या पकडीत खर्जाकडून सी, ई, जी, पुन्हा सी, पुन्हा ई असे पाच सूर पसरून लागतात. की-बोर्डवाला तीन बोटं जवळजवळ ठेवून सी-ई-जी एकदम दाबतो. कानाला लगेच कळतं, ही गिटारचा अंगरखा घातलेली पेटी आहे!

चांगलं काम करणारे एकाच सुराची अनेक मुद्रणं घेऊन पाळीपाळीने वाजवतात. नाहीतर तोच सूर भरभर वाजवला की मशीनगन सुटते. दाबलेले सूर सहा तारांवर वाटून देतात. तारेवर बोट सरकल्याची करकरही ठेवतात. (आमच्या रिद्धपुरात लीळा जमवताना म्हाइंभटांनी एकाच्याच तोंडून ऐकून पोथी उरकली नाही, अनेकांना विचारलं. ही त्याच जातीची मेहनत.)

नातू म्हणतो, "आबाजी, वरातीत एवढं कोन आयकते जी?"

मी ऐकतो ना! माझं मत असं की, बनवणाऱ्याने वाद्याच्या मर्यादा आधी भराव्यात, गोड आवाज नंतर. गिटारला जे जमत नाही ते ज्या यंत्रात वाजतच नाही, ते यंत्र गिटार कधी हातात न धरलेल्या पोरालाही थोडी गिटार शिकवेल.

राहिला गिटारवाला. त्याच्या पोटावर पाय येतो, हे खरंच. पण खेड्यातल्या लग्नात तो परवडतो कुणाला? साथीला की-बोर्डातली गिटार चालेल. एकट्याने वाजवायच्या तुकड्याला मात्र नाही. पट्टीशेजारचं चाक फिरवलं की सहसा दाबलेले सगळेच सूर सरकतात. गिटारवर एक तार ओढली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात. तेवढ्या दोन मिनिटांसाठी तरी गिटारवाल्याला बोलवावं, आणि पूर्ण पैसे द्यावेत.

नातवाला हे अजून मान्य नाही.