उताराने चाला

भूगोलाचा प्रकल्प म्हटला की हैदराबादच्या हिमायतनगरातल्या घरांत चार्टपेपर येतो, थर्माकोलचा ज्वालामुखी होतो आणि बरंचसं काम रात्री जागून आई करते. जगातले ज्वालामुखी मुलाला पाठ असतात. आपल्या गल्लीत पडलेला पाऊस कुठे जातो, हे ठाऊक नसतं. शाळांनी हे चार्ट बंद करावेत आणि त्या गुणांसाठी मुलांना घराबाहेर पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये डॅनियल रेव्हन-एलिसन आणि त्याच्या भूगोलवेड्या मित्रमंडळींनी 2010 मध्ये ‘मिशन एक्स्प्लोर’ हे पुस्तक काढलं. त्यात धडे नाहीत. मुलांनी राहत्या परिसरात करायच्या लहान लहान खोडकर मोहिमा आहेत.

आपल्याकडे मी पहिली मोहीम देईन ती पाण्याची. जोराची सर थांबली की उताराने चालायचं. हुसेनसागर तलाव सोळाव्या शतकातला, इब्राहिम कुतुबशाहच्या काळातला. आपली वस्ती त्याच्या खालच्या अंगाला. तलावाचं जादा पाणी नेणारा नाला अशोकनगर, अंबरपेट करत मुसी नदीला मिळतो. आपला कुठला रस्ता त्या नाल्याकडे उतरतो आणि कुठला किंग कोठीकडे, हे मुलांनीच शोधून काढावं. ऑगस्ट 2000 मध्ये एका दिवसात सुमारे 24 सेंटिमीटर पाऊस झाला, तेव्हा नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरलं. ते का शिरलं, हे उतार चाललेल्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. समोच्च रेषाही मग त्याला नुसत्या रेघा वाटणार नाहीत.

दुसरी मोहीम लांबची. कोठीमार्गे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या चिंचेपर्यंत पायी. 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुरात या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. त्या पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं. पुढे 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर ही धरणं उभी राहिली. निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांचं नाव या दुसऱ्या धरणाला आहे आणि आपल्या वस्तीलाही. रोज पत्ता लिहिणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल?

खडकांचं वेड असेल त्याच्यासाठी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था 1996 पासून आहे. ती लोकांना शहराभोवतालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर घेऊन जाते. हा दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्यावर हात ठेवायला तिकीट लागत नाही.

पालकांची भीती मात्र खोटी नाही. लिबर्टी चौकात रस्ता ओलांडताना मोठ्या माणसालाही जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून रविवारी सकाळी लवकर निघावं, चार-पाच मुलांनी मिळून जावं आणि नाला पुलावरूनच पाहावा, काठावर उतरू नये. सोबत आजोबा असले तर उत्तमच. ज्या टॉकीजवरून चौकाला लिबर्टी नाव पडलं, तिथे सिनेमा पाहिलेली ही पिढी अजून घरात आहे. तिला विचारायची हीच वेळ आहे.

नारायणगुड्याची केशव मेमोरियल आणि जांबागची विवेकवर्धिनी या मराठी माणसांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या शाळा आहेत. त्यांनी येत्या जूनपासून एका वर्गापुरता हा प्रयोग करावा. गुण द्यावेत ते मुलाने चालून आल्यावर स्वतः काढलेल्या नकाशाला. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. त्यात आईचा हात नको.