तोंडी परीक्षेला २५ गुण हवेत



आपल्या रविवारच्या मराठी वर्गाची वार्षिक परीक्षा कशी घ्यावी, याविषयी दोन मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात, मुलांना आठवडाभर शाळेचा अभ्यास असतोच, रविवारी आणखी परीक्षेचा ताण कशाला? इतरांचे म्हणणे असे की, परीक्षा नसली तर मुले मन लावून शिकत नाहीत. १०० गुणांचा रीतसर पेपर हवाच. मला दोन्ही मते अर्धी अर्धी पटतात. परीक्षा हवी, पण नुसती लेखी नको.

इथे इंग्लंडमध्ये गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दूची जीसीएसई परीक्षा देता येते, मराठीची नाही. तेव्हा आपली मुले मराठी शिकतात ती गुणपत्रिकेसाठी नव्हे. आजी-आजोबांशी मनमोकळे बोलता यावे, सुट्टीत भारतात गेल्यावर मामे-चुलत भावंडांत परके वाटू नये, यासाठी शिकतात. आणि परीक्षा मात्र आपण घेतो ती जोडाक्षरांची, ऱ्हस्व-दीर्घाची आणि विरुद्धार्थी शब्दांची! मग घरी घडाघडा मराठी बोलणाऱ्या मुलाला ४० गुण पडतात आणि फोनवर 'हो' व 'नाही' यापुढे न जाणाऱ्या, पण पाठांतर पक्के असलेल्या मुलाला ८०. पहिला 'मला मराठी येतच नाही' असे समजून वर्ग सोडतो. दुसऱ्याच्या घरच्यांना वाटते, चला, मराठी झाली. नुकसान दोघांचेही होते.

आपली मुले शाळेत फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकतात, त्या जीसीएसई परीक्षेची पद्धत पाहा. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे असे चार भाग, आणि प्रत्येकाला सारखेच, म्हणजे २५ टक्के गुण. परक्या भाषेला जो न्याय मिळतो, तो मायबोलीला का नसावा?

तोंडी परीक्षा म्हणजे गुणांची खिरापत, अशी शंका कोणी घेईल. ती शंका अगदीच निराधार नाही. महाराष्ट्रात दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत कामाचे असत. शाळा हे २० गुण सढळ हाताने वाटतात अशी तक्रार होती, म्हणून २०१९ च्या परीक्षेत ते काढून टाकले आणि पूर्ण १०० गुणांचा लेखी पेपर ठेवला. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळी घसरण तोंडी परीक्षेच्या माथी मारता येणार नाही. पण इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडणार, अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. या सगळ्या वादात चर्चा झाली ती टक्क्यांची. मुलांना बोलता येते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. गुण फुकट वाटले जात असतील तर वाटण्याची रीत सुधारावी. बोलण्याची परीक्षाच बंद करणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे होय.

माझी सूचना अशी. आपणही चार भाग करावेत, प्रत्येकी २५ गुणांचे. बोलण्याच्या भागात मुलाने पाच मिनिटे शिक्षकांशी गप्पा माराव्यात: आजीला फोन करून तब्येत विचारणे, दुकानात भाजी घेणे, शाळेतली एखादी गंमत सांगणे. हे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनीही ते ऐकून स्वतंत्र गुण द्यावेत. म्हणजे 'आपला तो बाब्या' असे होणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी तेच मुद्रण मुलाला ऐकवता येईल. आपण कुठून कुठे आलो हे त्याचे त्यालाच कळेल. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना केव्हाही चांगली.

वेळ कुठून आणायचा? २४ मुलांच्या वर्गाला पाच मिनिटांप्रमाणे दोन तास लागतात, म्हणजे आपला एक पूर्ण रविवार. पण रोज सहा मुले घेतली तर चार रविवारी अर्धा-अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ बाकीची मुले चित्र पाहून गोष्ट लिहू शकतात.

आणखी एक. आपल्यात कोणी कोल्हापूरचे, कोणी नागपूरचे, कोणी मालवणचे. नागपूरकडच्या घरातले मूल 'मी जेवण करून राहिलो' म्हणाले, तर त्याचा गुण कापू नये. ती त्याच्या घरची मराठी आहे. प्रमाण भाषा लिहिताना जरूर शिकवावी, पण बोलताना घरच्या बोलीची लाज वाटायला लावू नये.

आणि मुलांनो, तुम्हालाही सांगते. या परीक्षेसाठी वेगळा अभ्यास नाही. रोज घरी आई-बाबांशी दहा मिनिटे मराठीत बोला. मध्येच इंग्रजी शब्द आला तरी थांबू नका, वाक्य पुरे करा.

येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा अशी माझी विनंती आहे. ज्यांना ही पद्धत पटत नाही त्यांनीही आपले म्हणणे जरूर लिहून द्यावे. पुढील अंकात ते छापू.

— वर्गातील एक शिक्षिका