‘डोरा’ वाचणारी बाई अडाणी कशी?

काही वर्षांपूर्वी मूलमध्ये आम्ही बायकांचा साक्षरता वर्ग चालवत होतो. धानाची कापणी-मळणी संपली, की रात्री जेवणं उरकून दहा-बाराजणी यायच्या. शिकवायला मी असायची. त्यातल्या एका गोंड बाईविषयी मला लिहायचं आहे, कारण तिच्या बाबतीत चूक माझी होती आणि ती कळायला मला फार उशीर लागला.

मी फळ्यावर ‘डोळा’ लिहिलं. तिने एकेक अक्षर लावलं आणि वाचलं, ‘डोरा’. मी म्हटलं, “डोरा नाही, डोळा म्हणा.” पुन्हा ‘डोरा’. मग ‘पोळा’चं ‘पोरा’, ‘पाणी’चं ‘पानी’. प्रत्येक वेळी मी तिला थांबवलं. बाकीच्या हसल्या. “मी त अडानी आहो बाई, मले का समजते,” असं म्हणून तिने पाटी खाली ठेवली. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, ‘आवड नाही’.

मैत्रिणींनो, ही बाई बहिणीशी गोंडीत बोलायची, शेजारणीशी झाडीबोलीत आणि राइस मिलवर आलेल्या व्यापाऱ्याशी हिंदीत. समोरचं माणूस बदललं, की तिची भाषा बदलायची. मला येते मराठी आणि कामापुरती हिंदी. तरी अडाणी कोण ठरलं? ती.

मेंदूचा अभ्यास करणारे काय म्हणतात, ते पुढे मी मिळेल तसं वाचत गेले. बोलणं मुलाला शाळेत शिकवावं लागत नाही. कानावर पडणाऱ्या बोलण्यातून मेंदू स्वतःच आवाज वेगळे करतो, शब्द ओळखतो, वाक्यांचे नियम बांधतो. १८६१ मध्ये फ्रान्समध्ये ब्रोका यांनी आणि १८७४ मध्ये जर्मनीत वेर्निके यांनी बोलण्याशी आणि बोलणं समजण्याशी जोडलेले मेंदूचे भाग दाखवून दिले. आज आपल्याला कळतं, की हे काम एकदोन जागांवर होत नाही, अनेक भाग एकमेकांना जोडून ते पार पाडतात. ही जोडणी पुण्याच्या प्राध्यापिकेच्या डोक्यात असते, तशीच बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्याही डोक्यात असते.

दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत दोन्ही भाषा जाग्या असतात. एक बोलताना दुसरीला आवरून धरावं लागतं. हे काम अखंड चालतं. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अलादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. सगळ्याच अभ्यासांना तो सापडलेला नाही, शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. पण दोन भाषा म्हणजे डोक्याला ओझं, हा आपल्या शाळांमधला समज मात्र टिकत नाही.

वाचण्याचं तसं नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. वाचण्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नसते. चेहरे, वस्तू, आकार ओळखणाऱ्या भागातला डावीकडचा थोडा भाग सरावाने अक्षरांच्या कामाला लागतो आणि आधीपासून असलेल्या बोलण्याच्या भागांशी जोडला जातो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, हिंदी बोलणाऱ्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूची तपासणी झाली. त्यांत बहुतेक बायका होत्या, तिशीच्या आसपासच्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या आतल्या, खोल भागांतही बदल दिसले. म्हणजे ‘आता या वयात काय शिकणार’ हे बोलणं खोटं आहे.

आता माझ्या वर्गाकडे परत येते. वाचणं म्हणजे अक्षराला कानातल्या बोलीशी जोडणं. त्या बाईने ‘डोळा’ हे अक्षरांतून ओळखलं, अर्थ लावला आणि तो शब्द तिच्या बोलीत जसा आहे तसा उच्चारला. तिची जोडणी झाली होती! ती वाचत होती. आणि मी नेमक्या त्याच क्षणी तिला सांगत होते, की तुला येत नाही. अक्षर शिकवण्याच्या नावाखाली मी तिची जीभ दुरुस्त करत बसले. बाईला गप्प करण्याचे जे अनेक मार्ग समाजाने शोधले आहेत, त्यांतला एक मी स्त्री-चळवळीची कार्यकर्ती म्हणून वापरला.

झाडीबोलीचं हे असं, तर गोंडीचं काय? झाडी ही निदान मराठीची बोली. गोंडी द्राविडी कुळातली, तिचं व्याकरणच निराळं. गोंडी घरातलं मूल पहिलीत येतं, तेव्हा अक्षरही अनोळखी आणि शब्दही अनोळखी. जोडायचं कशाशी? मूल गप्प बसतं, गुरुजी म्हणतात ‘मंद आहे’, आणि मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारही नव्हते. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. घटनेचं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करा म्हणतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषाच सांगतो. आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा २०२२ मध्ये तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली. गावाला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं.

यावर आमच्याच बैठकीत एक आक्षेप येतो, आणि तो बायकाच घेतात. “गोंडी शिकून काय करायचं? पोरीला नोकरी मराठी-इंग्रजीनेच मिळंल.” या म्हणण्यामागे अनुभव आहे, तो मी झटकणार नाही. तलाठ्याकडे, बँकेत, कोर्टात प्रमाण मराठी लागते आणि ती आपल्या मुलींना आलीच पाहिजे. प्रश्न तिथे पोचण्याच्या वाटेचा आहे. वाचणं एकदा स्वतःच्या भाषेत जमलं, की ते दुसऱ्या भाषेत नेता येतं. एक टाकून दुसरी घ्या, अशी सक्ती मेंदू करत नाही. ती व्यवस्था करते.

म्हणून आपल्यापासून सुरुवात करू या. आपली पत्रकं, वनहक्काची माहिती, आरोग्याच्या पुस्तिका कोणत्या मराठीत असतात? वर्गात पहिले शब्द बायकांनी सांगावेत आणि ते त्या बोलतात तसेच फळ्यावर लिहावेत. ‘डोरा’ लिहू या, मग शेजारी ‘डोळा’ लिहू या, आणि पुस्तकात असं लिहितात एवढंच सांगू या. गोंडी बोलणारी बाई गटात असेल, तर शिकवण्याचं काम तिच्याकडे द्यावं आणि आपण तिच्याकडून शिकावं.

बचत गटाच्या कागदावर ती बाई आजही अंगठा लावते. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती हसली, चहा दिला आणि म्हणाली, “आता कुठं बाई, डोरे गेले.” वर्गात मी चूक ठरवलेला तोच शब्द.