हिरकणी जेवली का?

(द्वितीय वर्ष, कला)

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. यंदा त्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात भित्तिपत्रकांची स्पर्धा झाली. मी हिरकणीचे चित्र काढले. कोजागिरीची रात्र, रायगडाचा तो उभा कडा, कासोटा आवळून खाली उतरणारी गवळण आणि पायथ्याच्या घरात रडणारे तान्हे बाळ. 'आईच्या दुधाला मोल नाही' असे खाली मोठ्या अक्षरांत लिहिले. परीक्षकांना चित्र आवडले, दुसरे बक्षीस मिळाले. मोठ्या आनंदात ते घेऊन मी घरी गेले.

घरी त्या वेळी पाळणे दोन होते. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिची मुलगी तीन आठवड्यांची. आणि वहिनीचा मुलगा सात महिन्यांचा. ताईच्या खोलीत शिरले की ओव्याचा, शेपेचा, साजूक तुपाचा वास येई. सकाळी अळिवाची खीर, दुपारी तुपाची धार सोडलेली बाजरीची भाकरी, मधल्या वेळेला डिंकाचा लाडू. आई दर दोन तासांनी डोकावून विचारी, "खाल्लंस का गं? अंगावर पाजतेस, पोट रिकामं ठेवू नको." ऐकून बरे वाटे. लेकीचे लाड म्हणतात ते हेच.

ते लाडू मात्र वहिनीने वळलेले होते. डिंक तळणे, खारीक कुटणे, खोबरे भाजणे, सारे तिनेच केले. मधेच उठून मुलाला पाजून येई आणि पुन्हा परातीशी बसे. त्या डब्यातला लाडू मी येता-जाता उचलून खात असे. वहिनीला एकही खाताना मी पाहिले नाही. खरे सांगायचे तर, तसे पाहण्याचे मला सुचलेही नाही.

बक्षीस घेऊन आले त्याच संध्याकाळी पाण्याचा हंडा उचलताना वहिनीला घेरी आली. हंडा कलंडला, ती भिंतीला धरून खाली बसली. "वहिनी, सकाळपासून काय खाल्लंस?" मी विचारले. तिला आठवावे लागले. दोनदा चहा आणि रात्रीची उरलेली चतकोर भाकरी. दुपारी जेवायला बसणार तोच मूल उठले, आणि मग राहून गेले. मी लाडवाचा डबा पुढे केला, तशी ती ओशाळून म्हणाली, "नको हो वन्सं. ते बाळंतिणीचे आहेत. माझा सव्वा महिना कधीच झाला."

या एका वाक्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

सव्वा महिन्याची आपली चाल मी वाईट म्हणत नाही. उलट, एरवी स्त्रीच्या ताटाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या समाजाने निदान चाळीस दिवस तिच्या खाण्यापिण्याची आणि विश्रांतीची काळजी वाहावी, ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. माझा आक्षेप आहे तो त्या मुदतीला. चाळीस दिवस झाले की शेगडी विझते, डबा रिकामा होतो आणि बाळंतीण पुन्हा घरातली सून होते. पण बाळ तर पीतच असते! पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज दुसरे काहीही देऊ नये, असे आज सर्व डॉक्टर सांगतात. पुढे वरचे अन्न सुरू झाले तरी दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावरचे दूध चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. मग आईची भूक चाळिसाव्या दिवशी संपते हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

थोडा हिशेब करू. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या अंगातून रोज साधारण पाऊण लिटर दूध बाळाच्या पोटात जाते. ते कुठून तरी भरून निघाले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे पाजणाऱ्या स्त्रीला तिच्या नेहमीच्या आहाराखेरीज पहिले सहा महिने रोज ६०० उष्मांक जास्त लागतात, आणि त्यानंतरचे सहा महिने ५२०. म्हणजे वीस दिवसांच्या बाळंतिणीत आणि सात महिन्यांच्या मुलाच्या आईत फरक आहे तो अवघा ८० उष्मांकांचा. आमच्या घरात मात्र तो एका भरलेल्या ताटाचा आणि एका चतकोर भाकरीचा होता.

हे मी घरी बोलून दाखवले तेव्हा आजी हसली. म्हणाली, "आम्ही काय लाडू खाऊन पोरं वाढवली? कण्या खाल्ल्या, भाकरी-चटणी खाल्ली, तरी दूध कधी कमी पडलं नाही." आजीचे म्हणणे खोटे नाही, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. आई थोडे कमी खात असली तरी दूध सहसा आटत नाही. मूल जितके ओढते तितके दूध उतरते, हा निसर्गाचा नियम. अन्न कमी पडले तर शरीर आपल्याच साठ्यातून देते. अंगावरची चरबी देते, हाडांतला चुनाही देते. बाळ बाळसे धरते आणि आई वाळत जाते. बाळाचे पिणे सुटल्यावर हाडांची ही झीज बहुतांशी भरून येते. पण त्यासाठी पोटात अन्न जावे लागते आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे लागते. आजीच्या पिढीला यातले काय मिळाले? दूध कमी पडले नाही हे आजीला आठवते. तिचे स्वतःचे काय कमी पडले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

शिवाय सगळेच काही आईच्या साठ्यातून भागत नाही. बी-१२, बी-१ आणि अ ही जीवनसत्त्वे किंवा आयोडीन आईच्या आहारातच नसेल तर दुधातही कमी उतरते. तेव्हा आईच्या उपासाची झळ बाळाला लागतच नाही, असे समजून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. त्यात आपल्या देशातील स्त्री आधीच अशक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहाची लाली कमी आढळली. अशा शरीरावर गरोदरपण, बाळंतपण आणि वर दीड-दोन वर्षांचे पाजणे. घेरी येईल नाही तर काय होईल?

कोणी म्हणेल, गरिबाने एवढे आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. पण ५०० उष्मांक म्हणजे बदाम-पिस्ते नव्हेत. एक जास्तीची बाजरीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात हिशेब जवळजवळ पुरा होतो. त्यावर पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे किंवा पेलाभर दूध. आणखी एक बिनखर्ची गोष्ट म्हणजे पाणी. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, डाळ खाऊ नये कारण ती वातूळ, फळ खाऊ नये कारण ते थंड, अशी पथ्ये अजून किती तरी घरांत पाळली जातात. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते; ती लागेल तेव्हा पाणी द्यावे, एवढेच शहाणपण पुरे आहे. एखादा पदार्थ ठरावीक वेळी खाल्ला नाही तर दूधच येणार नाही, हीदेखील भीतीच. अळीव, डिंक, खोबरे यांत सत्त्व आहे, म्हणून ते खावेत. ते मिळाले नाहीत म्हणून आईने स्वतःला दोष लावून घेऊ नये.

आमच्या घरात तर भाकरीचा तोटा नव्हता. मग वहिनी उपाशी का राहिली? मी आईशी भांडले तेव्हा आई दुखावून म्हणाली, "मी का तिला नको म्हणाले होते?" आणि ते अक्षरशः खरे होते. वहिनीला कोणीही नको म्हणाले नव्हते. पण कोणी 'घे' असेही म्हणाले नव्हते. आधी पुरुषांची पंगत, मग मुले, मग सासू, आणि उरेल त्यात सून, या क्रमात कोणी कोणाला उपाशी ठेवत नाही. माणूस आपोआपच उपाशी राहते. थोडा वेळ थांबून आई हळूच म्हणाली, "मला तरी कोणी विचारलं होतं?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सरकारने यात काही केले नाही असे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ साली गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. वहिनीच्या नावाचेही पाकीट घरी येत असे; ते शिजे आणि साऱ्या घरात वाटले जाई. आदिवासी भागासाठी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत मातेला एक वेळचे पूर्ण जेवण गरम वाढण्याची कल्पना आहे, ती मला अधिक शहाणपणाची वाटते. कारण तेथे धान्याचा नव्हे, ताटाचा विचार आहे. ज्या बाईचा हक्क तिच्या पोटात जायचा, तो घराच्या डब्यात गेला की संपला. पण कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आतली पंगत आपणच बदलायची असते.

आता पुन्हा त्या चित्राकडे येते. हिरकणी दूध विकायला गडावर गेली होती. दारोदार दूध घालणाऱ्या त्या माउलीच्या स्वतःच्या वाट्याला किती दूध येत असेल? दरवाजे बंद झाले, ती कडा उतरली, अंग खरचटले, घरी पोचली, बाळाला पदराखाली घेतले. येथे आपली कथा संपते. महाराजांनी तिचा गौरव केला, तेथे बुरूज बांधला, असे सांगतात, आज एस. टी. स्थानकांत तिच्या नावाचे हिरकणी कक्ष आहेत. सारे योग्यच आहे. पण त्या रात्री ती दमून घरी आल्यावर तिला कोणी ताट वाढले का? हा प्रश्न कथेत नाही, आणि माझ्या चित्रातही नव्हता. त्यागाची पूजा करणे सोपे असते, कारण पूजेला वेळ लागत नाही. ताट रोज वाढावे लागते.

त्या दिवसानंतर वहिनीचे ताट ताईच्या शेजारी मांडले जाऊ लागले. ताई गेल्यावर पुन्हा ढिलाई झाली हेही प्रामाणिकपणे सांगते. पण आता दुपारी एक वाजता मुलाला दादा घेतो, तो घरी नसेल तर मी घेते, आणि वहिनी गरम जेवते. यात क्रांती वगैरे काही नाही. अर्ध्या तासाचा प्रश्न होता, तो सुटला.

मित्रमैत्रिणींनो, आज ना उद्या आपल्याही घरात पाळणा हलेल. मुलींनी तेव्हा आपली भूक सांगायला लाजू नये, आणि मुलांनी ती सांगेपर्यंत वाट पाहू नये.

ताई सासरी जाऊन आता बरेच महिने झाले. तिची मुलगी या महिन्यात सात महिन्यांची झाली. फोनवर मी आधी भाचीची नव्हे, ताईचीच चौकशी करते. "जेवलीस का?" म्हणून विचारते. ती घाईघाईने "हो" म्हणते. मग मी विचारते, "काय जेवलीस?"

तिला आठवावे लागते.