पदकाच्या कडेवरचे नाव



नोव्हेंबर जवळ आला की आमच्या परसवाड्यात घरोघरी एक यादी निघते. देवाघरी गेलेल्यांची नावे कागदावर लिहायची, कागद पाकिटात घालायचा आणि 2 तारखेच्या मिस्सेसाठी फादरांकडे द्यायचा. पाकिटे गोळा करायचे काम माझ्याकडे असते. बहुतेक याद्या आजी-आजोबांपाशी थांबतात. त्यापुढे “आणि आमचे सर्व पूर्वज” एवढेच असते. अलीकडे मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गातली मोठी मुले विचारतात, “ताई, आमचे पणजोबा लढाईवर होते म्हणतात. त्यांची माहिती कुठे मिळेल?”

जरूर शोधा, असे मी त्यांना सांगते. पण काय सापडावे हे आधीच ठरवून शोधायला निघू नका. असे का सांगते, त्यासाठी माझ्याच घरची गोष्ट ऐका.

माझे माहेर कामठीचे. जुनी छावणी, त्यामुळे तिथे घराघरांत फौजेच्या गोष्टी. आमच्या घरची गोष्ट अशी की, पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि सुभेदार होऊन परत आले. पुरावा म्हणून आत्याच्या ट्रंकेत एक पदक होते. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. नाताळच्या दिवशी आम्हा मुलांना ते क्षणभर हातात मिळे.

काही वर्षांपूर्वी मी ते उजेडात नीट पाहिले. पदक चांदीचे नव्हते, तांबूस होते. चौकशी केल्यावर कळले, की हे युद्धपदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचे मिळे. मजूर पलटणीतल्या आणि सामान वाहणाऱ्या माणसांना तेच पदक कांस्याचे दिले जाई. त्याच्या कडेवर ज्याचे त्याचे नाव कोरलेले असते. भिंग लावून वाचले. आधी नंबर, मग “कुली” हा शब्द, मग पणजोबांचे नाव आणि शेवटी लेबर कोअर.

आत्या रागावली. “घासून घासून रंग उडाला असेल,” म्हणाली. मग हळूच म्हणाली, “हे बाहेर कुणाला सांगू नकोस.”

पण मला आता थांबवेना. फादरांच्या परवानगीने मी चर्चची जुनी रजिस्टरे पाहिली. आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद मिळाली. तिथून आईवडिलांच्या विवाहाची नोंद मिळाली, 1920 सालची. त्यात पणजोबांच्या नावापुढे “विधुर” असे लिहिले होते. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग दफनाचे रजिस्टर काढले. ऑक्टोबर 1918 ची पाने नोंदींनी भरून गेली होती. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा महिना. जूनमध्ये मुंबईत आलेली ती साथ पावसाळ्याच्या अखेरीस उलटून देशभर पसरली. भारतात निदान सव्वा कोट माणसे गेली असे मानतात, आणि आपला त्या वेळचा मध्य प्रांत व वऱ्हाड सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या पानांत चार दिवसांच्या अंतराने दोन नोंदी होत्या. एक पणजोबांच्या पहिल्या पत्नीची. दुसरी त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीची.

पणजोबा बसऱ्याहून परत आले ते दोन कबरींपाशी. आमच्या घराने नसलेला सुभेदार शंभर वर्षे लक्षात ठेवला आणि असलेली बाई विसरून गेले. तिच्यासाठी आमच्या घरी कुणी एकदाही नाव घेऊन प्रार्थना केली नव्हती.

माणसे विसरणे हा आमच्या एका घराचा दोष नाही. साम्राज्यानेही तेच केले. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीय गेले, सुमारे 74,000 परतले नाहीत. इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांचा फक्त आकडा दिला. आपल्याकडे अनेक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून किती गेले आणि किती कामी आले एवढेच त्यांवर असते. युद्धात पडलेल्यांच्या समाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 साली आपल्याच जुन्या कारभाराचा अहवाल काढला. त्यात कबूल केले आहे, की किमान 1,16,000 मृतांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदच झाली नाही. त्यात बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले होते, ओझी वाहणारे पुष्कळ. म्हणजे आमच्या पणजोबांच्याच जातीचे काम करणारे.

आता पवित्र शास्त्राकडे पाहा. दावीद राजाच्या शूर वीरांची यादी 2 शमुवेलच्या 23 व्या अध्यायात आहे. सदतीस जणांच्या त्या यादीत अगदी शेवटचे नाव उरीया हित्तीचे आहे. परका माणूस, इमानी शिपाई. त्याच पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात राजाने त्याच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र दिले, ही हकिगत आहे. राजाच्या लेखनिकांना ती गाळता आली असती. गाळली नाही. पुढे मत्तय प्रभू येशूची वंशावळ लिहितो, तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव न देता ती उरीयाची पत्नी होती असे सांगतो. येशूच्या वंशात नसलेला एक मारला गेलेला शिपाई असा त्या वंशावळीत कायमचा उभा आहे. त्याच पानावर तामार, राहाब आणि रूथही आहेत. आपल्या तारणाऱ्याची वंशावळ घासूनपुसून चकचकीत केलेली नाही. मग आपण आपली का करावी?

काही जण म्हणतील, संत पौलाने तीमथ्याला अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या नादी लागणाऱ्यांपासून सावध केले आहे. खरे आहे. त्या वंशावळ्यांतून वाद वाढत होते, श्रद्धा वाढत नव्हती. आपला शोधही “आमचे घराणे मोठे” एवढ्यासाठी असेल तर तो इशारा आपल्यालाच आहे. पण विसरलेल्या माणसाचे नाव शोधून काढणे ही प्रीतीची सेवा आहे. आणि पाय धुणाऱ्या प्रभूच्या घरात “कुली” या शब्दाची लाज कसली? दुसऱ्या महायुद्धात आपल्या किती ख्रिस्ती मुली नर्स म्हणून राबल्या. कुणी कंपाउंडर होते, कुणी स्वयंपाकी, कुणी ड्रायव्हर. हेही युद्धसेवेतच येते. त्यांची पदके घरात असतील-नसतील, त्यांची आठवण असायला हवी.

ज्यांना शोधायचे आहे त्यांनी घरापासून सुरुवात करावी. पदकाची कड वाचा, पेन्शनचे कागद पाहा, म्हाताऱ्या माणसांशी बोला. जो युद्धात वारला त्याचे नाव त्या आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. भारतीय शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. चर्चच्या नोंदीत आईचेही नाव असते. फौजेत एक नाव आणि स्नानसंस्काराचे दुसरे, असे झाले असेल तर वडील आणि गाव यांवरून माणूस ओळखावा. स्नानसंस्काराच्या नोंदीचा समासही पाहा. पुढे दृढीकरण कधी झाले, विवाह कुठे झाला, हे तिथे टिपलेले असते. पुढच्या धर्मग्रामाचा पत्ता तिथेच लागतो.

आणि धर्मग्रामांनो, ही रजिस्टरे सांभाळा. 1563 साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला. आजही जुनी रजिस्टरे जपणे हे धर्मसंहितेनुसार कर्तव्य आहे. पण कपाटाला वाळवी लागली की ते कर्तव्य कागदावरच राहते. प्रत्येक धर्मग्रामातल्या दोन तरुणांनी फादरांना विचारून पानांचे फोटो काढून ठेवले, तर पावसाळ्याची निम्मी भीती जाईल. त्या नोंदी खाजगी असतात, म्हणून फोटो चर्चच्याच ताब्यात राहावेत. गावगप्पांत जाऊ नयेत.

गेल्या वर्षी आमच्या घरची यादी मी लिहिली. पणजोबांच्या नावामागे सुभेदार लिहिले नाही. त्यांच्या खाली पहिल्या पणजीचे नाव लिहिले, आणि तिच्याखाली त्या दोन वर्षांच्या मुलीचे. कामठीला आत्यालाही फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या पोरीचे नाव पुन्हा एकदा सांग. मी पण लिहून घेते.”

यंदा तुमची यादी लिहिताना “आमचे सर्व पूर्वज” या ओळीपाशी जरा थांबा. त्यातले निदान एक नाव शोधून काढा.