विश्लेषण : मक्का सौदीकडे, मग अल-अक्साचे पालकत्व जॉर्डनच्या राजाकडे कसे?

जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीच्या आवारात इस्रायलचा एखादा मंत्री गेला, की निषेधाचे पहिले पत्रक बहुतेक वेळा जॉर्डनची राजधानी अम्मानमधून निघते. जानेवारी २०२३ मध्ये मंत्री इतमार बेन-ग्वीर तिथे गेले तेव्हा हेच झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आवारात उघडपणे प्रार्थना केली तेव्हाही. वास्तविक जेरुसलेमची एक इंचही जमीन आज जॉर्डनकडे नाही. शहराचा पूर्व भाग १९६७ च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात आहे. तरीही अल-अक्साचे पहारेकरी, कारकून आणि इमाम यांचा पगार जॉर्डन सरकार देते आणि जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे स्वतःला या स्थळांचे पालक म्हणवतात. हा हक्क आला कुठून, हे समजून घ्यायचे तर जेरुसलेम बाजूला ठेवून आधी मक्केत जावे लागते. अब्दुल्ला यांच्या घराण्याला शंभर वर्षांपूर्वी तिथूनच बाहेर पडावे लागले होते.

शरीफ म्हणजे कोण?

प्रेषित मुहम्मद यांची कन्या फातिमा आणि जावई अली यांना हसन आणि हुसेन अशी मुले होती. त्यांच्या वंशजांना ‘शरीफ’ किंवा ‘सय्यद’ म्हटले जाते. हेजाझमध्ये, म्हणजे मक्का आणि मदिना ज्या पट्ट्यात येतात त्या भागात, हसन यांच्या वंशातील लोकांसाठी ‘शरीफ’ हा शब्द रूढ झाला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात बगदादच्या अब्बासी खलिफांची पकड सैल झाली. ती संधी साधून याच वंशातील एका शाखेने मक्केची सत्ता हाती घेतली. पुढे १२०१ च्या सुमारास यन्बू बंदराच्या बाजूने आलेल्या कतादा इब्न इद्रिस यांनी शहर जिंकले. त्यानंतर १९२५ पर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे, मक्केचा प्रत्येक अमीर कतादांच्याच वंशातला होता. एकाच घराण्याकडे इतका काळ टिकलेली सत्ता जगाच्या इतिहासात विरळाच.

वंश टिकला, सत्ता कितपत?

इथे एक गफलत होण्याची शक्यता आहे. मक्का ओसाड डोंगरांमधल्या दरीत वसलेली आहे. तिथे शेती नाही. शहराचे धान्य यायचे ते प्रामुख्याने इजिप्तमधून, तांबड्या समुद्रातून गलबतांनी. त्यामुळे कैरोवर ज्याचे राज्य, त्याच्याशी मक्केच्या शरीफाला जुळवून घ्यावेच लागे. आधी अय्युबी, मग मामलुक. १५१७ मध्ये ऑटोमन सुलतान सलीम पहिला याने मामलुकांचा पराभव करून कैरो घेतले, तेव्हा शरीफ बरकात यांनी लढाईची वाट पाहिली नाही. आपल्या मुलाला कैरोला पाठवून त्यांनी सलीमचे स्वामित्व मान्य केले. ऑटोमन फौजेला मक्केवर चाल करून जावेच लागले नाही.

पुढची चारशे वर्षे हीच वहिवाट चालली. अमीर शरीफांच्या घराण्यातलाच असे, पण तो कोणता, हे इस्तंबूलचा सुलतान ठरवी. दरवर्षी सुलतानाकडून ‘सुर्रा’ नावाची रोख रक्कम हेजाझला येई. ती शरीफांमध्ये, उलेमांमध्ये आणि गोरगरिबांमध्ये वाटली जाई. हज यात्रेकरूंचे काफिले बेदुइन टोळ्यांनी लुटू नयेत म्हणून टोळ्यांनाही पैसे द्यावे लागत. नको असलेला दावेदार इस्तंबूलमध्येच ठेवून घेतला जाई. मान भरपूर, मोकळीक मात्र नाही, असा हा पाहुणचार. थोडक्यात, घराण्याकडे प्रेषितांचे रक्त होते आणि इतरांकडे धान्य, पैसा आणि फौज होती. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती, म्हणून ही व्यवस्था इतकी टिकली.

‘खादिम अल-हरमैन’ ही पदवीही शरीफांची नव्हे. ‘दोन पवित्र स्थानांचा सेवक’ असा तिचा अर्थ. सलाहुद्दीन अय्युबी, मामलुक सुलतान आणि नंतर सलीम यांनी ती मिरवली. म्हणजे मक्केत न राहणाऱ्या, पण मक्केचे रक्षण करण्याइतपत बळ असलेल्या राज्यकर्त्यांची ती पदवी होती.

हुसेन यांनी डाव का मांडला?

शरीफ हुसेन इब्न अली हे असेच सुमारे १५ वर्षे इस्तंबूलमध्ये ‘पाहुणे’ होते. १९०८ मध्ये सुलतानाने त्यांना मक्केचा अमीर नेमले. त्याच वर्षी दमास्कसहून निघालेली हेजाझ रेल्वे मदिनेला पोहोचली. रेल्वेतून यात्रेकरू येणार तसे सैनिकही येणार, हे हुसेन यांनी ओळखले. शरीफांची उरलीसुरली स्वायत्तता त्या रुळांखाली जाणार होती.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना नेमका असाच माणूस हवा होता. ऑटोमन सुलतानाने, म्हणजेच खलिफाने, ब्रिटनविरुद्ध जिहाद पुकारला होता. त्याला उत्तर देऊ शकेल असा प्रेषितांचा वंशज मक्केत बसलेला होता. इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमहोन आणि हुसेन यांच्यात १९१५-१६ मध्ये पत्रव्यवहार झाला आणि जून १९१६ मध्ये हुसेन यांनी बंड केले. ब्रिटिश सोने आणि धान्य हेजाझमध्ये येऊ लागले. पुरवठादार बदलला, बाकी जुनीच पद्धत.

पण त्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको कराराने अरब मुलूख आपसात वाटून घेतला होता. पुढच्या वर्षी बॅल्फर जाहीरनामा आला. हुसेन यांनी स्वतःला ‘अरबांचा राजा’ घोषित केले, तर मित्रराष्ट्रांनी त्यांना फक्त हेजाझचा राजा मानले. युद्धानंतर ब्रिटिश पैसा आटला. ब्रिटनने पुढे केलेल्या करारावर सही करायला हुसेन शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. त्यात त्यांचा स्वाभिमान होता, पण तिजोरी रिकामी होती आणि बोजा पडला तो यात्रेकरूंवरच्या करांच्या रूपाने.

भारतातील मुस्लिमांचा त्यांना विरोध का होता?

भारतातून, आणि प्रामुख्याने मुंबई बंदरातून, हजला जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यामुळे हेजाझमध्ये काय चालले आहे याची खबर मुंबईला लगेच लागे. मुंबई हेच केंद्रीय खिलाफत समितीचे मुख्यालय. खलिफाविरुद्ध ब्रिटिशांच्या मदतीने उठलेला हा शरीफ खिलाफतवाल्यांच्या दृष्टीने फितूर होता. प्रेषितांचा वंशज असल्याचा त्यांच्याकडे काहीच उपयोग झाला नाही. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि हुसेन यांनी लगेच स्वतःला खलिफा जाहीर केले, तेव्हा तर रोष आणखी वाढला.

काही महिन्यांतच नजदचे सुलतान अब्दुलअझीझ इब्न सौद यांच्या फौजा हेजाझवर चालून आल्या. ताइफमध्ये कत्तल झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये हुसेन यांनी थोरला मुलगा अलीसाठी गादी सोडली. मक्का पडली. डिसेंबर १९२५ पर्यंत मदिना आणि जिद्दाही गेले.

मौलाना मुहम्मद अली जौहर आणि शौकत अली या बंधूंना वाटत होते की आता हेजाझमध्ये राजा नकोच, जगभरच्या मुस्लिमांनी मिळून कारभार पाहावा. वंशपरंपरेला दिलेला हा सर्वात थेट पर्याय होता. पण जानेवारी १९२६ मध्ये इब्न सौद स्वतःच हेजाझचे राजे झाले. त्याच वर्षी मक्केत भरलेल्या इस्लामी परिषदेला अली बंधू हजर राहिले आणि निराश होऊन परतले. मौलाना मुहम्मद अली जानेवारी १९३१ मध्ये लंडनमध्ये वारले. हुसेन त्याच वर्षी जूनमध्ये अम्मानमध्ये. दोघांचेही दफन जेरुसलेममध्ये, अल-अक्सा आवाराच्या पश्चिम कडेला, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर झाले आहे.

सौद घराण्याचा दावा कशावर उभा आहे?

वंशावर नाही, हे निश्चित. सौद घराणे प्रेषितांच्या वंशातील असल्याचे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी काही वर्षे मक्का घेतली होती, पण ऑटोमन सुलतानाच्या सांगण्यावरून इजिप्तच्या मुहम्मद अली पाशाने त्यांना हुसकावले. १९२५ नंतर त्यांना हुसकावणारे कोणी उरले नव्हते. पुढे तेल सापडले आणि मक्केचा इतिहासात पहिल्यांदाच असा धनी झाला, ज्याला बाहेरून धान्य किंवा पैसा मागावा लागत नव्हता.

तरीही अधिमान्यतेचा प्रश्न सुटलेला नव्हता. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षी सशस्त्र गटाने मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. त्यानंतर १९८६ मध्ये राजे फहद यांनी ‘महाराज’ हे संबोधन सोडून ‘खादिम अल-हरमैन’ ही जुनी पदवी घेतली. शरीफांची नव्हे, सलाहुद्दीन आणि सलीम यांची. ताबा म्हणजे आज काय, तर हजचा व्हिसा आणि देशनिहाय कोटा. भारताचा २०२५ चा १,७५,०२५ यात्रेकरूंचा कोटा सौदी सरकारबरोबरच्या करारानेच ठरला.

मक्केत आजही वंशपरंपरेने चालणारे पद आहे ते वेगळेच. काब्याच्या दाराची किल्ली बनू शैबा घराण्याकडे असते. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर प्रेषितांनी ती या घराण्यातील उस्मान इब्न तल्हा यांना परत दिली, असे परंपरा सांगते. जून २०२४ मध्ये किल्लीधारक सालेह अल-शैबी यांचे निधन झाले आणि ती घराण्यातीलच अब्दुल वहाब अल-शैबी यांच्याकडे गेली. अब्बासी, मामलुक, ऑटोमन, शरीफ, सौद, सगळ्यांच्या राज्यात ही किल्ली त्यांच्याकडेच राहिली. कोणाच्याही सत्तेला तिचा धोका नव्हता, हे त्याचे साधे कारण असावे.

मग जेरुसलेम जॉर्डनकडे कसे?

हुसेन यांचे दुसरे पुत्र अब्दुल्ला १९२१ पासून ट्रान्सजॉर्डनचे अमीर होते. स्वतः हुसेन यांनी १९२४ मध्ये अल-अक्साच्या दुरुस्तीसाठी देणगी दिली होती आणि जॉर्डनचे हाशेमी राजघराणे आपले पालकत्व तिथपासून मोजते. (त्या दुरुस्तीला हैदराबादच्या निजामानेही पैसे दिले होते. मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता.) १९४८ च्या युद्धात अब्दुल्ला यांच्या सैन्याने पूर्व जेरुसलेम घेतले. २० जुलै १९५१ रोजी अल-अक्साच्या दारातच त्यांची हत्या झाली, तेव्हा नातू हुसेन, म्हणजे पुढचे राजे, सोबत होता.

१९६७ मध्ये शहर गेले. मात्र इस्रायलचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी सुमारे ३५ एकरांच्या आवाराचा आतला कारभार मुस्लिम वक्फकडेच ठेवला. ज्यू धर्मीयांसाठी हाच ‘टेम्पल माउंट’, त्यांचे सर्वात पवित्र स्थान. दायान यांच्या व्यवस्थेत नमाज मुस्लिमांनी पढावी, इतरांनी भेट द्यावी, पोलीस दारांवर असावेत, असे ठरले. यालाच ‘जैसे थे’ म्हणतात. १९८८ मध्ये जॉर्डनने वेस्ट बँकवरचा दावा सोडला, पण जेरुसलेमची धर्मस्थळे त्यातून वगळली. १९९४ च्या शांतता कराराच्या नवव्या कलमात इस्रायलने जॉर्डनची ‘विशेष भूमिका’ मान्य केली. २०१३ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनीही लेखी करार करून ती मानली. वंशाच्या दाव्याला प्रथमच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार मिळाला.

हा आधार किती भक्कम?

जुलै २०१७ मध्ये इथे दोन पोलिसांची हत्या झाल्यावर इस्रायलने दारांवर मेटल डिटेक्टर लावले. वातावरण पेटले. तशात अम्मानमधील इस्रायली दूतावासाच्या सुरक्षारक्षकाच्या गोळीबारात दोन जॉर्डनी ठार झाले. त्यानंतर लगेच दूतावासाचे कर्मचारी सुखरूप इस्रायलला पोहोचले आणि डिटेक्टरही निघाले. म्हणजे जॉर्डनकडे सौदा करण्याइतपत काहीतरी होते.

आता तेवढे उरले आहे का, हा खरा प्रश्न आहे. जॉर्डन पाणी आणि नैसर्गिक वायू इस्रायलकडून घेतो, तर आर्थिक मदत अमेरिकेकडून. शरीफांच्या मक्केला इजिप्तचे धान्य लागे, त्यासारखेच हे. सौदी आणि इस्रायल यांच्यात समझोता झालाच, तर त्यात जेरुसलेममधील भूमिका रियाधला मिळेल, ही अम्मानमधील जुनी धास्ती आहे. राजघराण्यासाठी हा प्रतिष्ठेपुरता विषय नाही. जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि ‘हाशेमी’ हे नाव देशाच्या अधिकृत नावातच आहे.

जेरुसलेमच्या अंतिम वाटाघाटी होतील तेव्हा जॉर्डनच्या ऐतिहासिक भूमिकेला प्राधान्य देऊ, असे आश्वासनही इस्रायलने त्याच नवव्या कलमात दिले आहे. इस्रायल-पॅलेस्टाइन यांच्यातील अमेरिकी मध्यस्थीची शेवटची फेरी एप्रिल २०१४ मध्ये मोडली, त्यानंतर तशी चर्चा झालेली नाही.