कविता परत पाठविण्याचे धैर्य

आपल्या वसतिगृहाच्या भित्तिपत्रकावरील कविता पंधरवड्याने खाली उतरतात आणि रद्दीत जातात. माजी विद्यार्थ्यांनी समकालीन कवितेचे ऑनलाइन नियतकालिक काढावे, ही सूचना म्हणूनच मला मोलाची वाटते. सोलापुरी मराठीच्या कानाला तेलुगू, कन्नड, दखनी सतत लागत असते. ती कविता अन्यत्र कोठून येणार?

पैशाअभावी आपली किती पत्रे बुडाली! १९२० साली ‘मूकनायक’ निघाले ते राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर. १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये थांबले. आज कागद व टपाल यांचा भार उरलेला नाही. उरले आहे ते संपादन, आणि माझी शंका तेथेच आहे. औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ जवळजवळ पन्नास वर्षे चालविले. नवख्या कवीला तेथे संपादकाची नजर लाभत असे. मोबाइलवर कविता टाकताच अंगठ्यांची रांग लागते. ‘ही ओळ सैल आहे’ असे कोणीही म्हणत नाही. (आम्हा शिक्षकांच्या गटातही नाही.) कविता परत पाठविण्याचे धैर्य नसेल, तर हा उद्योग करूच नये.

शिवाय, इतिहास शिकविणाऱ्याची एक अट. ‘अस्मितादर्श’चे जुने अंक आजही हाती घेऊन वाचता येतात, संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क थकले, तर सारे अंक एकदम नाहीसे होतात. प्रत्येक अंकावर क्रमांक, दिनांक, संपादकाचे नाव असावे आणि एक छापील, बांधीव प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहावी. पहिल्या तीन वर्षांच्या बांधणीचा खर्च मी देईन.